रेव्हरंड नारायण वामन टिळक : एकट्याची श्रद्धा आणि मंडळीचा संग

फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांची ओळख महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांस क्रमिक पुस्तकांतून पिढ्यानपिढ्या होत आली, त्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे चरित्र आम्ही यंदा आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहो. त्यांच्या कवित्वाविषयी पुष्कळांनी पुष्कळ लिहिले आहे. आमचा हेतू निराळा आहे. मनुष्याने घरी बसून पवित्र शास्त्र वाचावे, एकांतात प्रार्थना करावी, सदाचरणाने वागावे. मग मंडळीत जाण्याची, दर आठवड्यास दहा जणांत बसून उपासना करण्याची गरज ती काय, असा प्रश्न तरुण विद्यार्थ्यांच्या मनात येतो, आणि खरे सांगावयाचे तर पुष्कळ पालकांच्याही मनात येतो. हा प्रश्न उपहासाने टाळण्यासारखा नाही. टिळकांनी त्याचे उत्तर वाद घालून नव्हे, तर आपले आयुष्य खर्चून शोधिले. ते प्रथम एकट्यानेच ख्रिस्ताचे होऊ पाहत होते. मग मंडळीत आले. मंडळीत राहून तिच्या उणिवांनी व्यथित झाले. आणि शेवटी मंडळीहूनही विशाल अशा एका मेळ्याची उभारणी करण्यास निघाले. ह्या चारही अवस्था एकाच आयुष्यात ज्याने भोगिल्या त्याची साक्ष ऐकण्याजोगी खचित आहे.

टिळकांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील वामनराव सरकारी नोकर होते व स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली होती. मुलाचा ओढा साहजिकच आईकडे होता. परंतु ते छत्र बालपणीच हरपले आणि पोरका झाल्यासारखा हा मुलगा घर सोडून निघाला. नाशकास त्याने मोठ्या कष्टाने विद्या संपादिली. गणेशशास्त्री लेल्यांसारख्या विद्वानाजवळ त्याचे संस्कृताचे अध्ययन झाले. इंग्रजीचेही थोडे शिक्षण मिळाले. पुढे नाशकाजवळील जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांस दिली गेली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. ह्याच त्या लक्ष्मीबाई टिळक, ज्यांची स्मृतिचित्रे 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली व मराठी वाङ्मयाचे भूषण ठरली. टिळकांच्या संसाराची पुष्कळशी माहिती आज आपणांस आहे ती ह्या साध्वीच्या सरळ व विनोदी लेखणीमुळेच होय.

लग्नानंतर टिळकांचे जीवन म्हणजे एक अखंड भ्रमण होते. कोठे शिक्षकाची नोकरी, कोठे कीर्तन, कोठे पुराण, कोठे व्याख्यान. मनात आले की निघावे, घरी निरोपही ठेवू नये, असा क्रम होता. ह्या भटकण्यात नुसता चंचलपणा नव्हता. आपला देश जातिभेदाने व अज्ञानाने पोखरला आहे, त्याला एकत्र बांधील असा धर्म कोणता, ही तळमळ त्यांच्या अंतःकरणात सारखी जळत होती. सर्व मनुष्ये एका पित्याची लेकरे आहेत असे ज्यात आचरणाने दिसेल असा काही धर्म असावा, असे त्यांस वाटे. धर्माचा विचार ते प्रथमपासूनच एकट्या जीवाच्या मुक्तीपुरता करीत नव्हते. समाजास जोडणारे सूत्र ह्या दृष्टीने करीत होते, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

ह्याच शोधात ते आमच्या वऱ्हाड-नागपुराकडे आले. नागपूर म्हणजे आम्हां हिंगणघाटकरांस शेजारचेच शहर. तेथील धनाढ्य गृहस्थ आप्पासाहेब बुटी ह्यांच्या आश्रयाखाली वैदिक वाङ्मयाच्या संग्रहाचे व भाषांतराचे काम टिळकांनी काही काळ केले, आणि ऋषि नावाचे मासिकही चालविले. पुढे त्यांस राजनांदगाव संस्थानात नोकरी मिळण्याचा योग आला. त्या निमित्ताने 1893 च्या सुमारास ते आगगाडीने प्रवास करीत असता डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. काव्य, तत्त्वज्ञान व धर्म ह्यांवर दोघांचे बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची एक प्रत ठेविली, आणि ती वाचाल तर दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांस ते भाकीत रुचले नाही. परंतु दिलेला शब्द पाळावा म्हणून त्यांनी पुस्तक उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापर्यंत ते पोहोचले मात्र, आणि तेथून त्यांस पुढे सरवेना. आजवर जे प्रश्न घेऊन ते गावोगाव हिंडले होते त्यांची उत्तरे ह्या पानांत आपली वाट पाहत होती, असे त्यांस वाटले.

येथून दोन वर्षे टिळक एकटे होते. मनाने ख्रिस्ताचे झाले होते, परंतु कोणत्याही मंडळीत नव्हते. आमच्या विषयाच्या दृष्टीने हा काळ फार महत्त्वाचा आहे. ह्या काळात त्यांच्याजवळ काय नव्हते? शास्त्राचे पुस्तक होते, तीव्र बुद्धी होती, प्रार्थनेची गोडी होती, कवीचे हृदय होते. एकट्यास पुरेल एवढी सामग्री कोणाजवळ असेल तर ती टिळकांजवळ होती. ख्रिस्ती नियतकालिकांकडे व मुंबईच्या अमेरिकन मिशनचे डॉक्टर जस्टिन अ‍ॅबट ह्यांच्याकडे ते पत्रे लिहून शंका विचारीत. बाप्तिस्म्याची आवश्यकता काय, मनाने शिष्य असणे पुरे नाही काय, हाही विचार त्यांनी केला. तथापि मनात सत्य एक आणि घरात व चारचौघांत वागणूक दुसरी, हे दुहेरी जीवन त्यांस असह्य होऊ लागले. झोप उडाली, चित्त स्थिर राहीना. ज्या शिकवणीचे पहिले मागणे शेजाऱ्यावर प्रीती करणे हे, ती शिकवण शेजाऱ्यापासून लपवून पाळता येत नाही, हे त्यांस कळून चुकले. बंधुप्रेमाचा पाठ बंधूंवाचून गिरविता येत नाही. पोहण्याची पोथी वाचून कोणास वणा नदी उतरता आली आहे काय?

शेवटी त्यांनी निश्चय केला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो आपल्याच देशबंधूच्या, एका हिंदी पाळकाच्या हातून घ्यावा असा त्यांचा आग्रह होता व तो पुरविला गेला. त्यांनी एखाद्या परकीय साहेबाचा धर्म पत्करिला नव्हता. आपल्याच लोकांच्या एका मंडळीत ते प्रवेश करीत होते, आणि ते जगास दिसावे अशी त्यांची इच्छा होती.

आता ह्या निश्चयाची किंमत पाहा. जातीने त्यांस टाकले. स्नेही दुरावले. वर्तमान ऐकून पत्नीवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूस घेऊन माहेरच्या आप्तांच्या आश्रयास गेल्या व पुढे काही वर्षे पंढरपूर वगैरे ठिकाणी राहिल्या. पती जिवंत असून नसल्यासारखा. कपाळीचे कुंकू आहे, पण संसार नाही. इकडे टिळकही शोकाने व्याकूळ असत. एका मंडळीत शिरताना त्यांस आपली सर्वांत जवळची मंडळी, म्हणजे बायको व मूल, गमवावी लागली होती. ख्रिस्ती समागमाचे माहात्म्य सांगताना ही गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. हा संग त्यांस फुकट मिळाला नाही; आणि त्यांच्याहूनही जड किंमत त्या निरपराध स्त्रीने दिली.

बाप्तिस्म्यानंतर टिळक अहमदनगरास, म्हणजे हल्लीच्या अहिल्यानगरास, येऊन राहिले. अमेरिकन मराठी मिशनचे काम तेथे 1831 पासून चालत आले होते, आणि ज्ञानोदय हे पत्र 1842 साली तेथेच निघाले होते. डॉक्टर रॉबर्ट ह्यूम ह्यांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या ईश्वरविज्ञानाच्या पाठशाळेत टिळक शिकवू लागले. पुढे त्यांस पाळकपदाची दीक्षाही मिळाली. परंतु विद्यालयाहून मोठी शाळा त्यांस मंडळीत सापडली. त्या प्रांतातील मंडळ्यांत बहुसंख्य लोक असे होते की ज्यांस गावाने शतकानुशतके वेशीबाहेर ठेविले होते. संस्कृत जाणणारा, शीघ्रकवी म्हणून गाजलेला हा ब्राह्मण आता त्यांच्या पंक्तीस बसू लागला, एकाच प्रभुभोजनाच्या मेजावरून भाकर घेऊ लागला. सर्व मनुष्ये भाऊ आहेत हे तत्त्व त्यांनी पूर्वी व्याख्यानांतून पुष्कळदा मांडिले असेल. परंतु ते तत्त्व हातात घेऊन खाणे निराळे. व्याख्यान देणाऱ्याचा अभिमान शाबूत राहतो. पंक्तीस बसणाऱ्याचा राहत नाही. मंडळीने टिळकांस पहिले काही दिले असेल तर ते हे.

इकडे लक्ष्मीबाईंच्या मनाची वाट निराळी होती. ह्या बाई कोणत्या घरच्या, हे ठाऊक असल्यावाचून त्यांच्या पुढील कृत्याची थोरवी कळणार नाही. 1857 च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांस फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांस सोवळ्याचे विलक्षण वेड लागले. बाजारातून आलेले सर्व जिन्नस धुतल्याशिवाय घरात येत नसत. मीठ व साखरदेखील ह्या नियमातून सुटत नसे! अशा घरात ज्या मुलीचे बालपण गेले ती काही वर्षांच्या वियोगानंतर नवऱ्याकडे परत आली, ती अर्थात आपले सोवळे घेऊनच आली. वेगळी चूल, वेगळे पाणी, कोणाचा स्पर्श नको. टिळकांनी ह्या बाबतीत बळजोरी केली नाही. त्यांच्या उतावळ्या स्वभावाचा विचार करिता हा संयम मोठाच म्हणावयाचा. आसपासच्या ख्रिस्ती स्त्रिया येत, मदत करीत, दुखल्याखुपल्यास उभ्या राहत; त्यांच्या हातचे पाणी मात्र बाई घेत नसत. असा सहवास चालला असता एके दिवशी राहुरी येथे त्या विचार करीत बसल्या. देवाने मनुष्ये निर्माण केली. जाती कोणी निर्माण केल्या? पशुपक्ष्यांप्रमाणे मनुष्यांतही त्या देवाने केल्या असत्या तर त्यांची खूण अंगावर दिसली नसती काय? त्या विचाराने बालपणापासूनची गाठ सुटली, आणि ह्यापुढे आपण कोणाच्याही हातचे खाऊपिऊ असे त्यांनी घरात जाहीर केले. पुढे 1900 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला.

टिळक पुस्तक वाचून आले. लक्ष्मीबाई माणसे वाचून आल्या. दोघांची वाट भिन्न, परंतु दोघांचीही वाढ संगतीतच झाली. ज्या पालकांस असे वाटते की धर्मशिक्षण म्हणजे मुलाकडून चार वचने पाठ करून घेणे, त्यांनी ह्या उदाहरणाचा विचार करावा. शेजारणीच्या निर्हेतुक प्रेमाने जे काम केले ते कदाचित शंभर प्रवचनांनी झाले नसते.

ह्यानंतर टिळकांचे घर म्हणजे एक लहानशी मंडळीच बनली. 1899-1900 च्या भयंकर दुष्काळात अनाथ झालेली मुले त्यांच्या आश्रयास आली. प्लेगच्या साथीतही सेवेचे काम घरापर्यंत आले. घरात पैसा नसे. असला तरी टिळकांच्या हाती तो टिकत नसे. वाटेत कोणी याचक भेटला की खिसा रिकामा, आणि चूल कशी पेटावी ही विवंचना बाईंच्या माथी. तरी आल्यागेल्यास जागा कधी कमी पडली नाही. 1907 साली जळगाव येथे कविसंमेलन भरले. तेथे त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाचा एक कोवळा मुलगा आपल्या काव्यशक्तीने चमकला. टिळकांनी त्यास आपल्या घरी नगरास आणिले व पोटच्या मुलाप्रमाणे वागविले. हेच सुप्रसिद्ध बालकवी. ते अखेरपर्यंत आपल्या धर्मातच राहिले, आणि टिळकदंपतीच्या प्रेमात त्यामुळे काही उणे आले नाही. ख्रिस्ती संग हा चहूंकडून भिंती घातलेला वाडा नसून दार उघडे असलेले घर असावे, अशी टिळकांची समजूत होती, आणि ती त्यांच्या ओसरीवर दिसत असे.

मंडळीने टिळकांस दिले तसे टिळकांनी मंडळीस काय दिले, हे आता पाहू. मराठी ख्रिस्ती लोकांच्या उपासनेत त्या काळी विलायती चालींवर बेतलेल्या गीतांचा भरणा मोठा होता. कृष्णराव सांगळे प्रभृती पूर्वसूरींनी देशी वळणाची पदे व कीर्तने रचिली होती, हे खरे. परंतु सर्व उपासनेचा सूर पालटला तो टिळकांमुळे. परक्या चालीत गाणारा मनुष्य ओठांनी गातो. आईच्या ओवीच्या, वारकऱ्याच्या अभंगाच्या चालीत गाणारा मनुष्य हृदयाने गातो. आपण ख्रिस्ताकडे आलो ते तुकोबांच्या पुलावरून आलो, अशी टिळकांची भावना होती. म्हणून अभंग, ओवी, पद, भजन व कीर्तन ही आपली वडिलोपार्जित दौलत त्यांनी मंडळीपुढे आणून ठेविली. उपासना संगीत ह्या गीतसंग्रहात त्यांची दोनशेंहून अधिक गीते आहेत. 1912 पासून अखेरपर्यंत त्यांनी ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले, तेथेही ह्याच कार्यास वाहून घेतले.

गीताचे आणि समागमाचे नाते आमच्या विद्यार्थ्यांनी नीट ओळखावे. वाचन एकट्याने होते, चिंतन एकट्याने होते. परंतु भजन रंगावयास टाळकरी लागतात. गाताना शिकलेला व अडाणी, श्रीमंत व मजूर, म्हातारा व मूल एकाच तालावर येतात. ज्याचा आवाज चांगला नाही तोही दहांच्या आवाजात सामावून जातो. ज्याचा विश्वास त्या दिवशी खचलेला आहे तोही शेजाऱ्याच्या सुरावर तरून जातो. वारकरी मेळ्याने महाराष्ट्रात हेच केले होते. टिळकांनी ते सत्य ओळखून मंडळीच्या हाती टाळ दिले. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत त्यांची गीते गाइली जातात. गाणारांपैकी पुष्कळांस ती कोणाची हे ठाऊकही नसते. आणि कवीला ह्याहून मोठे भाग्य ते कोणते?

टिळक निर्दोष होते असे आमचे म्हणणे नाही. राग त्यांच्या नाकावर असे. क्षणात पेटत आणि क्षणात विरघळत. व्यवहाराचे भान त्यांस बेताचेच होते. हे दोष एकांतात राहून झाकले गेले असते. संगतीत ते उघडे पडत आणि उघडे पडल्यामुळेच झिजत. भांडण झाले तर उद्या त्याच माणसाशेजारी बसून प्रार्थना करावयाची आहे, ही जाणीव मनुष्यास नम्र करिते. एकट्याने राहणाऱ्यास आपण शांत आहो असा भ्रम सहज होतो, कारण त्यास चिडविणारा कोणी नसतो. शांतीची परीक्षा चारचौघांतच व्हावयाची.

परंतु आता आम्ही ह्या चरित्राच्या अवघड भागाकडे येत आहो. ज्या मंडळीवर टिळकांचे एवढे प्रेम, तिच्याविषयी उत्तरायुष्यात त्यांच्या मनात असंतोष दाटू लागला. मंडळी मिशनच्या पैशावर व मिशनरींच्या आज्ञेवर अवलंबून आहे. पोशाख, पद्धत व विचार ह्यांत परकेपणा शिरला आहे. देशाच्या सुखदुःखापासून ती अलग पडत आहे. आणि पंथापंथांच्या परदेशी भिंती आपल्या भूमीवर उगीच उभ्या आहेत, असे त्यांस दिसे. शिवाय मंडळीबाहेर ख्रिस्तावर मनापासून प्रेम करणारे, परंतु बाप्तिस्म्यापर्यंत न आलेले असे पुष्कळ लोक होते. ते पूर्वीच्या टिळकांसारखेच एकटे होते. त्या दोन वर्षांच्या एकटेपणाची आठवण ज्याच्या मनात ताजी, त्यास त्यांचा विसर कसा पडावा?

म्हणून 1917 साली वयाच्या छप्पनाव्या वर्षाच्या सुमारास टिळकांनी मिशनची नोकरी व तिच्याबरोबरचा पगार सोडिला, एक प्रकारे संन्यासवृत्ती पत्करिली, आणि साताऱ्यास देवाचा दरबार नावाची संस्था स्थापिली. ह्या दरबारात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, सर्व जातींचे व सर्व पंथांचे लोक ख्रिस्ताचे शिष्य म्हणून भावाबहिणींप्रमाणे एकत्र यावे, ही कल्पना होती. एकट्यांस घर मिळावे, आणि मंडळीस आपले दार किती रुंद करिता येईल हे दिसावे, असा दुहेरी उद्देश त्यात होता.

ह्या पावलाविषयी मंडळीत मतभेद झाले. बाप्तिस्मा न घेता शिष्यत्व कसे, ह्या मोकळ्या मेळ्यास शिस्त कोण लावणार, अशा शंका घेतल्या गेल्या, आणि त्या निराधार होत्या असे आम्ही म्हणणार नाही. ज्या टिळकांस स्वतः मनातल्या मनात शिष्य राहणे साधले नव्हते, ते इतरांस बाहेर राहू देतात हे कसे, असेही कोणी विचारील. परंतु बारकाईने पाहिले असता विसंगती दिसत नाही. पूर्वी त्यांस असह्य झाले होते ते एकटेपण. आणि आताही ते तेच एकटेपण दूर करू पाहत होते. मंडळी सोडून जा असे त्यांनी कोणास सांगितले नाही. मंडळीवर रागावून घरी बसणारा मनुष्य आणि मंडळी मोठी व्हावी म्हणून बाहेर पडणारा मनुष्य ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्यास संग नको असतो. दुसऱ्यास आहे तेवढा संग पुरत नसतो.

दैवाने ह्या कार्यास अवधी दिला नाही. टिळकांची प्रकृती खालावली. त्यांस मुंबईस जे. जे. रुग्णालयात नेण्यात आले, आणि 9 मे 1919 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहास अग्निसंस्कार करण्यात आला व अस्थी अहमदनगरास नेऊन ठेवण्यात आल्या. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. एका पुरुषाच्या तेजावर जमलेला मेळा तो पुरुष जाताच पांगतो, हा जगाचा अनुभव येथेही आला. ज्या जुन्या मंडळीच्या उणिवा त्यांस खुपत होत्या तिनेच त्यांची गीते जतन करून ठेविली, हीही गोष्ट विसरता येत नाही. ज्योत पेटविण्यास टिळकांसारखा एखादा लागतो. ती पिढ्यानपिढ्या तेवत ठेवण्यास मात्र दर आठवड्यास निमूटपणे जमणारी, ज्यांची नावे कोणी लिहून ठेवीत नाही अशी साधी माणसेच लागतात.

टिळकांचे ख्रिस्तायन हे महाकाव्यही अपुरे राहिले होते. आरंभीचे काही अध्याय मात्र त्यांच्या हातून झाले होते. ते पुढे नेले कोणी? ज्यांनी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांचे अक्षरज्ञान संसारात पडल्यावरचे, त्या लक्ष्मीबाईंनी. उरलेले बहुतेक अध्याय त्यांनी रचिले. 24 फेब्रुवारी 1936 रोजी त्या निवर्तल्या, आणि दोन वर्षांनी, 1938 साली, ते काव्य प्रसिद्ध झाले. धर्माच्या नावाने एकदा जे दोघे दुरावले होते, त्यांचे नाव एका धर्मकाव्यावर एकत्र आले. संगतीचे ह्याहून गोड फळ आम्हांस तरी दुसरे ठाऊक नाही.

टिळकांच्या दुसऱ्या एका तळमळीचाही काही अंश पुढे सफळ झाला, आणि तो आमच्याच प्रांतात. पंथापंथांच्या भिंती त्यांस खुपत, हे वर सांगितलेच आहे. ज्या नागपुरात डॉक्टर स्टीफन हिस्लॉप ह्यांनी 1845 साली येऊन ह्या भागातील मिशनकार्यास आरंभ केला, त्याच नागपुरात 29 नोव्हेंबर 1970 रोजी उत्तर भारतातील सहा निरनिराळ्या ख्रिस्ती संस्था आपापली वेगळी नावे बाजूस ठेवून एकत्र आल्या व चर्च ऑफ नॉर्थ इंडिया ही एक मंडळी स्थापन झाली. सर्व भिंती पडल्या असे नाही. एक झाल्यावरही भांडणे होतात, हे घरच्या अनुभवावरून आपण जाणतोच. तथापि एकत्र येण्याची वाट चाललेली आहे.

आता आमच्या बाल व प्रौढ वाचकांस दोन शब्द. आपले हिंगणघाट कापसाचे गाव. येथील कापसाची कीर्ती एके काळी सातासमुद्रापलीकडे गेली होती, आणि ती त्याच्या लांब व मऊ तंतूमुळे गेली. परंतु तंतू कितीही उत्तम असो, एकटा असेपर्यंत तो वाऱ्याच्या झुळकेने उडून जातो. पेळूत दुसऱ्या तंतूंशी मिळून त्यास पीळ पडला म्हणजेच त्याचे सूत होते. पीळ पडताना तंतूला सुख होत असेल असे नाही. टिळकांसारखा अस्सल तंतूही ह्या नियमास अपवाद ठरला नाही.

म्हणून विद्यार्थ्यांनी उपासनेस केवळ हजेरीपटाच्या भीतीने बसू नये. शेजारी कोण बसला आहे, तो आज उदास का आहे, गेल्या आठवड्यात आलेला यंदा का आला नाही, हे पाहण्याची सवय लावावी. पालकांनी मुलांस मंडळीत पाठवून आपण घरी राहण्याचा सोयीस्कर मार्ग धरू नये. मूल कान देऊन शिकते त्याहून डोळे देऊन अधिक शिकते. मंडळीत उणिवा दिसल्या तर, आणि त्या दिसतीलच, टिळकांप्रमाणे त्या भरून काढण्यासाठी काही नवे घेऊन यावे, गीत येत असेल तर गीत, श्रम येत असतील तर श्रम. आणि जे आपल्या मंडळीचे नाहीत, आपल्या धर्माचेही नाहीत, त्यांच्यासाठी घराचे दार टिळकांच्या घराप्रमाणे उघडे असावे. जी मंडळी आपल्या माणसांवर प्रेम करावयास शिकविते परंतु शेजाऱ्यास परका मानावयास लाविते, तिच्यात टिळकांचे मन रमले नसते.

रेव्हरंड टिळकांस जाऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. त्यांचे काव्य शाळेत वाचले जाते, त्यांची गीते मंदिरात गाइली जातात. त्यांचा दरबार मात्र आज कोठे भरत नाही. तो जेथे चार माणसे एकमेकांचा भार वाहण्यास बसतील तेथे भरविता येईल, मग ते नगर असो, सातारा असो, की वणेच्या काठचे आमचे हे लहानसे गाव असो.